कर्णेमामा आणि टप्

कर्णेमामा समोर आलेल्या माणसाला आधी गप्प बसवायचे. नमस्कार राहिला बाजूला, एक बोट वर करून म्हणायचे, "गप. काय वाजतंय?" मग पंप असो, फ्रीज असो, नाहीतर त्या माणसाची मोटरसायकल असो, काय ढिलं झालंय ते सांगूनच चहाला बसवायचे. पौडजवळच्या चांदे गावात त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेलो, तेव्हा माझी बॅग उघडायच्या आत त्यांनी पंख्याचं बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं. पंखा त्यांचाच, पण बघत होते माझ्याकडे!

पंचक्रोशीतल्या लग्नांना, जत्रांना वर्षानुवर्षं त्यांचेच कर्णे लागायचे. त्यापायी कान मात्र चालले होते. पौडच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं, तर "हायेत तवर माजंच कान वापरतो," म्हणून मामा उठून आले. पण ते मनातून घाबरले होते. रोज सकाळी ओट्यावर उभे राहून, काल ऐकू आलेलं आज येतंय का, हे ते तपासत.

मी कंपनीतून आलो की गिटारची पेडलं बनवत बसायचो. पेडल म्हणजे पायाने दाबायची पत्र्याची डबी. दाबली की गिटारचा आवाज फाटतो, पुन्हा दाबली की साधा होतो. माझ्या डबीला एक खोड होती. दाबताना स्पीकरमधून 'टप्' असा ठोका यायचा. स्विच बदलला, वायरी बदलल्या, इंटरनेटवर अनोळखी लोकांशी वाद घातले. टप् काही हटेना.

एका रविवारी मामाच जिना चढून आले. "दाब. आता लगीच परत. आनखी एकदा." तिसऱ्या वेळी ठोका जवळजवळ विरलाच.

"आता पाच मिंट हात लावू नको."

मामा डोळे मिटून बसले. मग दाबलं, तर पहिल्याइतकाच दणकट टप्!

"बटणाचा दोष न्हाई रं. मोकळं ऱ्हायलं की आत कायतरी भरतंय, आन् दाबलं की समदं एकदम सांडतंय. त्याला हळूहळू झिरपू दे की."

पेडल बंद असताना आतल्या कपॅसिटरचं एक टोक अधांतरी राहतं आणि तिथे भार साठतो. तिथून ग्राउंडला एक मोठा रेझिस्टर जोडला की तो झिरपून जातो. हे मामांनी नुसतं ऐकून ओळखलं होतं.

रेझिस्टर डाग देऊन बसवला. थांबलो, दाबलं. शांत! मी टाळी वाजवली, पण मामांचा चेहरा पडला.

"त्यो गेला, का माजा कान गेला?"

"तोच गेला मामा, खरंच."

"काढ ती काडी. परत वाजव."

मी निमूटपणे डाग सोडवला, पाच मिनिटं थांबून दाबलं. टप्! "आला! ऐकू आला!" मामांनी मांडीवर थाप मारली. नको असलेला ठोका ऐकून इतका खूश झालेला साऊंडवाला मी दुसरा पाहिला नाही.

ते पेडल मी तसंच ठेवलं. पुढे मी फ्लॅट घेतला, तरी चांद्याला जाताना ते बरोबर न्यायचो. मामांच्या जुन्या स्पीकरला जोडायचं, थोडं थांबायचं, दाबायचं. टप् झाला की मामा मान डोलवायचे.

परवा गेलो. मामा डोळे मिटून बसले. मी दाबलं. "वाजलं बाई एकदाचं," मामी आतून म्हणाल्या.

मामा तसेच बसलेले. "दाब की रं."

त्यांच्या कानाशी वाकून मी मोठ्याने खोटं बोललो, "मामा, आज वाजतच नाहीये."

"येळ दे त्याला," मामा म्हणाले. "आजून भरलं नसंल."

मी त्यांच्याशेजारी वाट बघत बसलो.