हात लावू नये

माझ्या दादाच्या खोलीच्या दारावर एक पाटी होती: ‘हात लावू नये’. लाल रंगात, स्वतः रंगवलेली. दारावर एक, आत काचेच्या पेटीवर एक आणि खिडकीत वाळत ठेवलेल्या बोटभर झाडांपाशी एक. मी एकदा म्हटलंसुद्धा, “दादा, एक कपाळावर पण लावून घे.” तो हसला नाही. या विषयावर त्याला विनोद चालत नसे.

दादा तीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत होता. डॉक्टर हाड जुळवायचे आणि दादा ओल्या पट्ट्या गुंडाळायचा. सगळं हॉस्पिटल त्याला प्लास्टरकाका म्हणायचं. तो रिटायर झाला तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी घरातला पांढरा धुरळा जाईल. कुठलं काय! हाडं संपली आणि डोंगर सुरू झाले.

फळीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवायची, खाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, वरून त्याच प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून अंथरायच्या. झाला डोंगर. मग त्यावर माती म्हणून उकळलेली चहापूड, गच्चीत वाळवून चाळलेली. गवत म्हणजे हिरवा रंगवलेला भुसा. झाडं म्हणजे विजेच्या वायरमधली तांब्याची तार पिळून तिला भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे चिकटवलेले. पण एवढं खरं, की तयार झालं की बघत राहावं असं व्हायचं. पत्र्याच्या छपराला गंज, भिंतीला पाणी झिरपून येणारा काळा ओघळ, दोरीवर वाळणारे नखाएवढे कपडे. ओल्या प्लास्टरवर बोटाचा ठसा राहिला तर हा माणूस पॉलिश पेपर घेऊन तासभर बसायचा. म्हणायचा, “डोंगरावर अंगठा दिसला की बघणाऱ्याला कळतं, हे खोटं आहे. मग सगळंच खोटं.”

मी खालच्या मजल्यावर राहते. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. वर दादा आणि वहिनी. वरचं बेसिन महिन्यातून एकदा तुंबायचं. प्लास्टरचं पाणी नळीत जाऊन दगड होतं, हे तीस वर्षं प्लास्टर कालवलेल्या माणसाला मी सांगायचं! पण माझं ऐकतो कुठं तो! वहिनीचं मात्र ऐकायचा.

वहिनी बस स्टँडवर घोषणा करायची. सव्वीस वर्षं. वारा आमच्या बाजूनं असला की तिचा आवाज घरापर्यंत यायचा आणि त्यावर मी घड्याळ लावायचे. घरीही तिची तीच तऱ्हा. “भाजी गार होत आहे. संबंधितांनी ताबडतोब टेबलाकडे यावे.” संबंधित म्हणजे दादा. तो हातावरचं प्लास्टर खरवडत मुकाट्यानं यायचा.

तिचे डोळे गेले ते कडांकडून. आधी शेजारचं दिसेना, मग नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरलं आणि शेवटी तेही गेलं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. वहिनी घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “बरं झालं, गाड्यांच्या वेळा डोळ्यांत ठेवल्या नव्हत्या.” सगळ्या पाठ होत्या तिला, अगदी कुठली गाडी कुठल्या फलाटावर, सगळं.

पण स्टँडच्या साहेबानं तिला बोलावून सांगितलं, “बाई, आवाजाबद्दल प्रश्नच नाही. पण दोन महिन्यांनी, एक तारखेला तुमच्या तुम्ही येऊन हजर व्हा. पोचवायला-न्यायला माणूस लागणार असेल तर उद्या तो आजारी पडला की आमची पंचाईत. मग आपण घोषणांचं मशीनच बसवू.” झालं. सव्वीस वर्षं एका बाजूला आणि दोन गल्ल्या, एक मोठा रस्ता एका बाजूला. धड पाचशे मीटरही नाही ते अंतर.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात काठी कशी फिरवायची ते शिकवलं होतं. साहेबाला भेटून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली आणि मेडिकलच्या दुकानासमोर फुटपाथच्या कडेला अडकून पालथी पडली. दोन्ही तळवे सोलले. दादानं तिला घरी आणलं, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या आणि म्हणाला, “बास. आता बाहेर जायचं नाही. काय करायचीय ती नोकरी?”

“मग काय करू? या खुर्चीत बसून तुमच्या डोंगरांची राखण करू?” ती म्हणाली. “उगीच कोणी हात लावला तर?”

तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, “तुला बाहेर जाऊन रस्ता शिकायला नको. मी सगळा रस्ता घरात आणून देतो.”

मग टेप घेऊन हा माणूस रस्त्यावर. खांब मोज, गटाराचं झाकण मोज, बेकरीची पायरी मोज. लोकांना वाटलं, रस्ता रुंद होणार. मेडिकलवाल्याची तर झोपच उडाली. तो रोज मला विचारायचा, “ताई, खरं सांगा, माझं दुकान किती फूट जातंय?” मी म्हणायचे, “मला काय माहीत, तुमचं नशीब!”

तीन आठवडे खपून दादानं तो रस्ता केला. दोन मीटर लांब फळी, अडीचशेला एक असं प्रमाण. बेकरीच्या काचेत पाव होते हो! मेडिकलची हिरवी खूण होती. आमच्या गॅलरीत माझी ओली साडी होती आणि तिचा काठसुद्धा बरोबर होता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. तीस वर्षांत या माणसानं वहिनीला कधी साधा गजरा आणला नव्हता आणि आता रस्ताच्या रस्ता आणला.

वहिनीनं हात धुतले, पुसले. खुर्ची ओढून बसली. दादानं तिचं बोट आमच्या फाटकावर ठेवलं. “इथून सुरू.”

बोट निघालं आणि दिव्याचा पहिला खांब मोडला. कट्टकन आवाज आला. दादानं ओठ चावला. पुढचं झाड आडवं झालं. बेकरीच्या पायरीवर तिचा अंगठा टेकला आणि छपराचा कोपराच निखळला. दादानं पटकन तिचं मनगट पकडून हात वर उचलला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “अगं, हात लावू नकोस!”

वहिनीनं मनगट सोडवून घेतलं. “मग कशानं बघू?” एवढंच म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली.

मला असा राग आला म्हणून सांगू! पण वहिनीसमोर तमाशा नको म्हणून दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर वर गेले. दादा चिमट्यानं खांब चिकटवत होता.

“दादा, ती पडली तो फुटपाथ कुठंय?”

“हा काय.”

मी डोळे मिटून बोट फिरवलं. “मला काही लागत नाही.”

“लागणार कसा? पंधरा सेंटीमीटरची कड आहे. भागिले अडीचशे. अर्ध्या मिलिमीटरला थोडं वर. प्रमाण म्हणजे प्रमाण.”

“तुझ्या प्रमाणात तिला झाड लागतं, खांब लागतो, माझी साडी लागते. आणि जिला अडकून ती पडली तेवढीच लागत नाही?”

“मग काय कड भिंतीएवढी करू? ध्यान दिसेल ते!”

“कोणाला दिसेल?” मी म्हटलं. “मी कापड घेताना डोळ्यांनी घेते का? डोळ्यांना सगळं सुती सुतीच दिसतं. बोटांत धरलं की कळतं. हे तू तुझ्यासाठी केलंयस, दादा. तिच्यासाठी नाही.”

त्याला ते झोंबलं. “तुला यातलं काही कळत नाही,” म्हणाला. मीही पायऱ्या उतरता उतरता परत फिरले आणि शेवटचं विचारलं, “तीस वर्षांत फुटपाथवरून पडून मनगट मोडलेल्या किती बायका आल्या तुझ्याकडे?”

त्यानं चिमटा खाली ठेवला. म्हणाला, “रोज एक तरी. पडताना हात टेकतात ना.” मग स्वतःच डोळे मिटले आणि तर्जनी मेडिकलसमोरून हळूहळू फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. त्याला ती कड सापडली नाही. त्यानंच केलेली होती ती, आणि त्यालाच सापडली नाही.

संध्याकाळी माझ्या छतातून खरवडल्याचे आवाज यायला लागले. गवत चाललं होतं. माझी साडी चालली होती. बेकरीतले पाव चालले होते. मी मशीन थांबवून ऐकत बसले. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

मग दादा खाली आला, पांढराफटक, भुतासारखा. “तुझ्याकडे काय काय आहे ते काढ.”

काढलं सगळं. रस्त्याला पॉलिश पेपर, खरखरीत. जिथं रस्ता ओलांडायचा तिथं कॉर्डरॉयचा तुकडा, म्हणजे बोटांना पट्टे लागतील. गटाराच्या जाळीला पँटची जाड चेन. मेडिकलला कोटाचं मोठं बटण, बेकरीला मखमल. खांबांच्या जागी बोटाएवढ्या जाड खुंट्या, खिळ्यानं ठोकलेल्या. आणि फुटपाथची कड प्लास्टरची, चांगली नखभर उंच. दादा मध्येच थांबून म्हणायचा, “काय ध्यान दिसतंय!” मी म्हणायचे, “डोळे मिट.”

आता वहिनी शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. तीच सांगायची. “बेकरीचा वास खांबाच्या आधी येतो, खांब पुढं घ्या.” “नाही हो, तिथं उतार आहे, पायाला कळतो.” दादा टेप घेऊन वाद घालायचा, खाली जाऊन बघून यायचा आणि मान खाली घालून दुरुस्त करायचा. दहाएक दिवसांत तिची दोन बोटं त्या फळीवरून भराभर चालायला लागली आणि सोबत घोषणा. “पुढील थांबा मेडिकल. कड आहे. प्रवाशांनी पाय उचलावा.” दादा हसायचा. मग मी आणि ती खाली उतरून तोच रस्ता काठीनं चालायचो. आधी माझा हात धरून, नंतर माझ्या पुढं.

एक तारीख आली. साडेसातला वहिनी तयार, इस्त्रीची साडी, हातात काठी. दादा चपला घालायला लागला.

“मागं यायचं नाही,” ती म्हणाली. “तुमच्या चपलेचा आवाज मला शंभर लोकांत कळतो.”

“अगं, लांबून...”

“नाही म्हटलं ना. पोचले की ऐकू येईलच.”

आम्ही गॅलरीत उभे राहिलो. बेकरीपर्यंत दिसली, मग वळली. पाचशे मीटर तिच्या पावलांनी वीस मिनिटं. पावणेआठ झाले. आठ झाले. पहिली घोषणा आठची असायची. काही नाही. दादाचे हात गजांवर घट्ट. आठ-पाच. मी म्हटलं, “वारा उलटा असेल रे.” मला स्वतःलाच ते पटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो मोठा रस्ता आणि त्यावरचे ट्रक. आठ-सात. दादानं एक चप्पल पायात घातली.

तेवढ्यात आला आवाज. घसा खाकरून, नेहमीसारखा ठणठणीत. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी आठ वाजून दहा मिनिटांनी सुटेल.”

दादा एका पायात चप्पल घालून तिथंच खाली बसला. “ऐकलंस? ऐकलंस का गं?” म्हणत राहिला आणि पोरासारखा रडला. मी काय कोरडी होते होय? दोघंही बसून ती तीन नंबरची गाडी सुटेपर्यंत रडलो.

संध्याकाळी वहिनी आली ती फणकाऱ्यात. पर्स खुंटीला अडकवली. “पाण्याच्या टाकीजवळ फरशी निघालीय. चांगला घोटाभर खड्डा आहे. त्यात काठी अडकली म्हणून उशीर झाला. तुमच्या फळीवर नाहीये तो.”

“मी मोजलं तेव्हा नव्हता.”

“आता आहे.”

दादानं वाद घातला नाही. फळीवर टाकीजवळचं प्लास्टर चाकूनं उकरलं, वाटीत ताजं कालवलं आणि तिथं थापलं. मग तिचा हात हातात घेतला. “नक्की कुठं?”

तिनं चाचपत टाकीपासून दोन बोटं मोजली आणि ओल्या प्लास्टरमध्ये अंगठा रुतवला.

“गरम होतंय,” ती म्हणाली.

“होणारच. हलू नकोस. आता घट्ट होईल.” तीस वर्षं प्रत्येक मोडक्या हाताला त्यानं हेच सांगितलं असणार. तिचं मनगट त्यानं खालून धरून ठेवलं होतं.

पाच-सात मिनिटांनी तिनं अंगठा काढला. मी वाकून बघितलं. खड्ड्याच्या तळाशी तिच्या अंगठ्याच्या रेषा न् रेषा उमटल्या होत्या. पॉलिश पेपर शेजारीच पडला होता.

“दादा,” मी म्हटलं, “ठसा राहिलाय बघ.”

“राहू दे,” तो म्हणाला. “रस्ता तिचा आहे.” आणि वाटी धुवायला बेसिनकडे गेला.