ताईचे सासरे आणि सरकारी हस्तक्षेप

सरकारने वचकून राहावे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या ताईचा सासरा होता. चामोर्शीजवळच्या त्यांच्या गावात वर्तमानपत्र शिळे होऊन येई. अशाच एका शिळ्या अंकात त्यांना 'सरकारी हस्तक्षेप' हे शब्द सापडले, आणि गावाला दुसरे काही ऐकायला मिळेनासे झाले. देवी टोचणारा दारात आला, हस्तक्षेप. नवी सडक झाली, तोही हस्तक्षेप. म्हणून हे गृहस्थ सडक सोडून, छत्री उघडून शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालत. कुणी अर्थ विचारला की खाटेवर ताठ बसत. "सरकारनं आमच्या वस्तूले हात लावाचा नाई, अन् आमी सरकारच्या. बस!" मी पुष्कळ जाड पुस्तके चाळली आहेत; इतकी आटोपशीर व्याख्या मला कुठे मिळाली नाही. गावात ती पोरासोरांनाही पाठ होती.

मग मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली आणि गावचा तलाव सरकारजमा झाला. पूर्वी उन्हाळ्यात मालगुजाराची दवंडी पिटली की घरटी एक माणूस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायला जाई. त्या वर्षी दवंडी नाही आणि मातीही नाही. भर श्रावणात पाळीला भोक पडले. खाली साऱ्या गावाचे धान उभे. मी तेव्हा ताईकडेच होतो. सासरे ओरडत पाळीवर धावले, "अरे, पाहून काऊन राह्यले? माती आना!"

मासे धरणारा सोमा म्हणाला, "भाऊ, तलाव आता सरकारचा. तुमीच त सांगतलं, हात लावाचा नाई म्हून."

साऱ्यांनी माना डोलावल्या. त्यात थट्टा नव्हती. गाव खरोखरच त्यांचे ऐकत होते. सासऱ्यांनी छत्री मिटली, धोतर खोचले आणि भोकाला पाठ लावून ते चिखलात बसले.

"तलावावर नका टाकू. माह्यावर टाका माती! मी काई सरकारचा नाई."

सोमाने पहिली टोपली त्यांच्या खांद्यावर ओतली, मग सारे गाव धावले. सासरे छातीपर्यंत पुरले गेले, तरी माती नीट चोपत नाही म्हणून सोमाला शिव्या देतच होते. शेवटी त्यांना ओढून काढले आणि ती पोकळीही बुजवली.

पुढे ओव्हरसियर आला. "सरकारी पाळीला हात कोणी लावला?"

"हस्तक्षेप झाला, साहेब," सासरे खालमानेने म्हणाले. "पण धान वाचलं."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्यानंतर ऐकला नाही. आता तेही नाहीत. उन्हाळ्यात गाव दवंडीवाचून पाळीवर येते. पहिली टोपली सोमा त्या जागी टाकतो, आणि कुणी शिवी घालते का म्हणून जरा वेळ थांबतो.