शरीराचा रकाना

अमेरिकन फुटबॉलमध्ये मी बॉल बघत नाही. गेली नऊ वर्षं माझी नोकरीच तशी आहे. अमेरिकेत पार्सिपनी गावातल्या एका ऑफिसात बसून मी व्यावसायिक संघांच्या सामन्यांचे व्हिडिओ तुकड्यातुकड्याने बघते आणि फक्त पाच माणसांना गुण देते. बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करून उभे राहणारे हे पाच धिप्पाड गडी म्हणजे लाइनमन. समोरून अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं, एवढंच त्यांचं काम. थोपवलं तर कुणी नाव घेत नाही. चुकले तर रेफरी माइकवरून त्यांचा नंबर अख्ख्या स्टेडियमला ऐकवतो. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चांगले लाइनमन हल्ली मिळत नाहीत, हे रडगाणं मी दर मीटिंगला ऐकते. कॉलेजात बॉल झटपट फेकून मोकळे होतात, त्यामुळे तिथून आलेल्या पोराला नीट उभं राहायला शिकवण्यातच दोन-तीन वर्षं जातात, आणि तेवढा दम कुणालाच नाही. जड अंगाचे आणि तरी चपळ पायांचे जे असतात ते पलीकडे, अंगावर चालून जाणाऱ्यांच्या बाजूला जातात, कारण टाळ्या तिथे मिळतात. मग ज्याच्याकडे एखादा बरा लाइनमन आहे तो त्याला मोडेपर्यंत वापरतो.

माझ्याकडे असलेल्या एका संघात डावीकडून दुसरा उभा राहायचा त्याला मी मनात मामा म्हणायचे. वयाने माझ्याहून लहानच, पण खाली वाकायच्या आधी तो दोन्ही हातांनी पँट वर ओढायचा, थेट माझ्या धाकट्या मामासारखी. सात वर्षं मी त्याला दर सोमवारी बघत होते. सख्ख्या मामाला मी तेवढं बघितलेलं नाही.

मागच्या सीझनच्या मध्यावर तो उठताना आधी हात टेकवायला लागला. खेळी संपली की बाकीचे चौघे उसळून उभे राहायचे. हा डावा तळवा गवतावर दाबायचा, मग गुडघ्यावर, मग उभा. सगळं एका सेकंदात, कुणी बघायच्या आत. मी तो तुकडा दहा वेळा मागेपुढे केला. मामा उजवा गुडघा लपवत होता.

आमच्या रिपोर्टमध्ये गुणांच्या खाली एक रकाना असतो, 'शरीर' नावाचा. असं काही दिसलं की तिथे लिहायचं. पण आमचे रिपोर्ट त्याच्या संघालाही जातात आणि त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या संघांनाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी सगळे त्याच गुडघ्यावर चालून येणार. नाहीतर त्याचा संघच त्याला घरी बसवणार, आणि चौतिसाव्या वर्षी घरी बसलेल्या लाइनमनला परत कोण बोलावतो?

माझे बाबा नागपूरजवळच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण करायची, हे त्यांचं काम. भोंगा झाला की बाबा दहा मिनिटं पेनला टोपण लावून बसायचे. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, असं म्हणायचे. मीही टोपण लावलं. तीन आठवडे मी मामाचा 'शरीर' रकाना कोरा सोडला आणि स्वतःवर फार खूश होते.

चौथ्या रविवारी आमच्याकडे नवऱ्याचे मित्र मॅच बघायला आले होते. मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा बॉल हवेत होता आणि सगळ्यांचे डोळे बॉलवर होते. माझे खाली होते. एक माणूस मागून मामाच्या पायावर पडला आणि त्याचा गुडघा नको त्या बाजूला वळला. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी बॉल झेलला आणि आमचा हॉल टाळ्यांनी भरून गेला. मी बशा टेबलावर ठेवून आत गेले. रडले. मी त्याचं पोट वाचवायला गेले होते आणि पायच घालवून बसले होते.

सोमवारी त्या संघाच्या प्रशिक्षकाची आमच्या ऑफिसबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. माझ्या मॅनेजरने, बाई शांत आणि कामाला वाघ आहे, त्यांना गुडघ्याबद्दल विचारलं. त्यांनी डोळे चोळत सांगितलं, "महिन्यापासून माहीत होतं आम्हाला. पण त्याच्या जागी उभं करायला आमच्याकडे होतं कोण?"

मला अर्धं मिनिट हायसं वाटलं. त्या अर्ध्या मिनिटाची लाज मला अजून वाटते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "यार, मग तुझा काय फॉल्ट? त्यांना ऑलरेडी माहीत होतं."

"कागदावर कुठे होतं? कागदावर आलं असतं तर कुणाला तरी त्याला बसवावंच लागलं असतं."

तो माझा उजवा हात मांडीवर घेऊन दाबत बसला. करंगळी आणि शेजारचं बोट सहा महिन्यांपासून बधिर होती. दिवसभर तोच तुकडा मागे, पुढे, मागे, आणि प्रत्येक वेळी एक क्लिक. डॉक्टरने काम थांबवा म्हणून सांगितलं होतं. पण माझा व्हिसा या नोकरीला बांधलेला आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत मी इतकी वर्षं उभी आहे की नुसता विभाग बदलू का विचारलं तरी वकील आधी सुस्कारा सोडतो. म्हणून ऑफिसात मी हात लपवत होते. मॅनेजर जवळून गेली की उजवा हात माउसवर, ती गेली की डावा. आपलं बेमालूम चाललंय, असं मला वाटत होतं.

मंगळवारी सकाळी ऑफिसात गेले तर टेबलावर नवा माउस होता. डावखुऱ्या माणसांसाठी बनवलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. शेजारी त्या आठवड्याची यादी, आणि यादीत सगळ्यात वर मामाच्या जागी आलेल्या नव्या माणसाचा नंबर.

मी मॅनेजरच्या काचेच्या केबिनकडे बघितलं. तिने मान वर केली, किंचित हसली आणि परत स्क्रीनकडे वळली. हात कसा आहे, असं तिने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग ते कुठेतरी लिहावं लागलं असतं. मला इतका राग आला की कान तापले. उठावं, जावं आणि बधिर बोटं तिच्या टेबलावर ठेवावीत. पण उठून पुढे काय, ते मला ठाऊक नव्हतं.

मी जुना माउस ड्रॉवरमध्ये टाकला आणि डावा हात नव्यावर ठेवला. तो अगदी बरोबर बसला.