हॅलो कंट्रोल, मी गच्चीवरून बोलतोय

प्रश्न विचारला की मावशी क्षणभर थांबते, मग उत्तर देते. "मीठ हवं का?" यालासुद्धा. गंभीर काही सांगायचं असलं की आधी विचारते, "आवाज येतोय ना?" समोरासमोर बसून. आंघोळीचं पाणी आधी मुद्दाम जास्त गरम करते, मग मागे आणते. कुणी पत्ता विचारला की तिचं बोट आधी आभाळाकडे जातं, मग रस्त्याकडे.

ती माझी सख्खी मावशी नाही. वरच्या मजल्यावर राहते. उपग्रह संपर्काची इंजिनियर, नुकतीच निवृत्त झालेली.

तिची आई इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. शाळा सुटली की मावशी तिच्या फोन जोडायच्या बोर्डापाशी बसायची. "तार कुठपर्यंत जाते?" असं विचारून आईला वात आणायची. तारेशिवायही आवाज जातो हे कॉलेजात कळलं आणि ती पुरती कामातून गेली. मोठमोठ्या डिश असलेल्या केंद्रात मुलाखतीला गेली तेव्हा साहेब म्हणाले, "मुलीला झेपेल का हे?"

"उपग्रहाला विचारून सांगते," मावशी म्हणाली. नोकरी मिळाली.

बेटांवर, खाणींवर, दीपगृहांवर डिश बसवायच्या असत. बसवणारा तिकडे छपरावर, मावशी इकडे पडद्यासमोर. डिश केसभर हलली तरी सिग्नल जातो. म्हणून ती फोनवर सांगायची: डावीकडे, अजून, अजून. सिग्नल वाढत जातो आणि एका जागी घसरायला लागतो. तेव्हा कळतं, नेमकी जागा मागे राहिली. मग परत यायचं. तिथे साधा फोन नसे. सॅटेलाइट फोनवरचं बोलणं आभाळात जाऊन खाली यायचं. घाई केली की दोघांचे शब्द एकमेकांवर आपटायचे. थांबायची सवय तिथली.

छपरावरचा माणूस बहुतेक वेळा एकच असे. मावशी त्याला गच्चीकर म्हणे, तो तिला कंट्रोल. अख्खी नोकरी एकमेकांच्या कानात गेली. भेट कधीच नाही. तिचे यजमान गेले, तेव्हाही त्याचा फक्त फोन आला. तो स्वतः सडाफटिंग.

एकदा तो फोनवर म्हणाला, "पुतण्याकडे कायमचा निघालोय. वाटेत तुमचं गाव लागतं."

मावशी माझ्याकडे आली. "आवाज येतोय ना? मला एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय. तो राहिला तर हवाय मला."

मी थक्क. तिची लेक मात्र लगेच सासरहून येऊन पडदे धुवायला लागली.

रविवारी मी मावशीकडेच होते, तेव्हा गच्चीकर आले. बुटके, छत्री आणि हत्यारांची पिशवी घेऊन. मावशीच्या मनात ते आजवर उंच होते. दोघं खुर्च्यांवर बसली. मग दोघं एकदमच बोलली. दोघं एकदमच थांबली. दोघांनी सवयीनं वाट पाहिली आणि पुन्हा एकदम, "तुम्ही बोला!" लेक तोंडात ओढणी कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

चहा गार झाला. गच्चीकरांनी पिशवी उचलली. "मग… निघतो."

मावशीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "जाता जाता गच्चीवरची डिश बघता का? चित्र अडखळतंय."

साफ खोटं. ती डिश तिनंच बसवली होती, अख्ख्या इमारतीसाठी. कालच मी सामना बघितला होता. गच्चीकर बूट घालेपर्यंत मावशी लेकीच्या कानात पुटपुटली, "पळ! ढिली कर!"

लेक मागच्या जिन्यानं सुटली. लगेच खालच्या मजल्यावरून निवृत्त हेडमास्तर ओरडले, "अहो, चित्र गेलं!"

मावशीनं केबलला सिग्नल मोजायचा मीटर जोडला. फोन वाजला, तिनं स्पीकरवर टाकला.

"हॅलो कंट्रोल, मी गच्चीवरून बोलतोय. कुणीतरी मुद्दाम ढिली केलीय."

"चौकशी नंतर. उजवीकडे घ्या." आवाजच बदलला तिचा.

"घेतो. पुतण्याकडे माझी खोली तयार आहे म्हणे."

"इकडेही आहे एक. सिग्नल वाढतोय. पुढे चला."

"वय झालंय माझं, कंट्रोल."

"वय नाही विचारलं. कोन विचारला."

"मी घोरतो."

"माहितीय. खाणीच्या छपरावर झोपला होतात, लाइन चालू ठेवून."

खालून हेडमास्तर, "आलं! आलं! गेलं!"

"ओलांडलंत. मागे या. हळू."

"कंट्रोल… मी राहिलो तर चालेल का?"

मावशी थांबली. नेहमीसारखी. धापा टाकत परतलेल्या लेकीनं माझा हात इतका दाबला की मीच ओरडणार होते.

"तिथेच थांबा," मावशी म्हणाली. "अजिबात हलू नका."

फोन खुर्चीवर टाकून ती अनवाणी जिना चढत सुटली. गुडघे दुखतात म्हणून जी बाई भाजीसुद्धा दोरीला टोपली बांधून वर घेते, ती!

पुतण्याला कळवलं, खोली दुसऱ्या कुणाला दे.

लेकीनं ढिला केलेला डिशचा नट मात्र आवळायचा राहिला. वारा आला की डिश वळते, हेडमास्तर बोंबलतात. "आत्ता आवळून येतो," म्हणत दोघं पाना घेऊन संध्याकाळी वर जातात. हेडमास्तर टीव्हीसमोर वाट बघत बसतात. अंधार पडल्यावर दोघं हसत खाली येतात. पाना वरच विसरलेला असतो आणि नट तसाच.