कच्च्या खिडकीतून गेलेली पत्रिका

मुरबाडच्या बाजारपेठेत माझं पत्रिका, बॅनर आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दुकानात एक खुर्ची माझी, एक बाकडं गिऱ्हाइकांचं आणि एक कॉम्प्युटर. त्याचा मालक मी आहे, असा माझा बरेच दिवस समज होता.

फाइलींच्या दोन खिडक्या मी रोज सकाळी उघडतो. एक डाव्या हाताला, अरुंद. तिच्यात कच्ची कामं. दुसरी उजव्या हाताला, ऐसपैस. तिच्यात गिऱ्हाइकानं पसंत केलेली, छापायला जायची कामं. दोघींना ओढून-ताणून मी जागच्या जागी बसवतो, दिवसभर त्या गुणी मुलींसारख्या वागतात. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं की दोघीही पडद्याच्या मधोमध, सारख्याच मापाच्या, एकीवर एक पडलेल्या. काल आमची गाठच पडली नव्हती जणू. तीन वर्षांपूर्वी मी एकदाच टकलावरचं औषध शोधलं होतं, ते या यंत्राच्या अजून लक्षात आहे. रोज एक नवं तेल दाखवतं. खिडकी कुठं ठेवली होती, तेवढं मात्र त्याला आठवत नाही.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा उचलून शहापूरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं खिडक्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या.

"सेटिंग धरून ठेवत नाय, काका. व्हतं असं कधी कधी. पण फोल्डरना नावं काय दिलीत तुमी?"

"काम."

"आनी दुसऱ्याला?"

"काम एक."

"आतल्या फाइलींना?"

"फायनल."

त्यानं डबा माझ्याकडे परत सरकवला. म्हणाला, "मशीन इसरतंय तेच बरं हाय, काका. त्याला सगळं आठवलं असतं तं नोकरी सोडून गेलं असतं."

आता यात माझा एकट्याचा दोष नाही, असं मी स्वतःला पटवलेलं आहे. आमच्याकडे वस्तूला नाव नसतं, जागा असते. कोयता वळचणीला, किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात, बियाण्याचं गाठोडं माळ्याच्या डाव्या कोपऱ्यात. डोळे मिटून हात घातला तरी हवं तेच हाताला लागतं. माझ्या आईनं उभ्या जन्मात एकाही डब्यावर चिठ्ठी चिकटवली नाही आणि एकदाही चहात मीठ घातलं नाही. तोच कारभार मी कॉम्प्युटरवर चालवला. फरक एवढाच, की आईची वळचण रोज सकाळी आपली जागा सोडून माजघरात येऊन पडत नसे.

तर लग्नसराईत तानसाकडच्या गावातला एक बाप मुलीची पत्रिका घेऊन आला. माणूस शिस्तीचा. कुलदैवत, गावदेवी, आजी-आजोबा, काका, आत्या, किलबिल करणारी सात भाचरं, समस्त ग्रामस्थ मंडळ, सगळं वहीत लिहून आणलेलं. "मामा" या शब्दाखाली मात्र नुसती रेघ.

"मामा?" मी विचारलं.

"ती वळ गाळा," तो म्हणाला. "बोलनं नाय आमचं."

मी ओळ गाळली. त्यानं पत्रिका पसंत केली, म्हणजे ती फायनल झाली. मी तसं नाव दिलं.

चार दिवसांनी त्याची बायको एसटीनं एकटीच आली. बाकड्यावर बसली, पाणी प्यायली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिचा भाऊ धसईला. बांधावरच्या एका फणसावरून तिच्या नवऱ्याचं आणि त्याचं वाजलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माहेरचा उंबरा तिनं पाहिला नव्हता.

"पोरीला बोहल्यावर मामा आनतो ना रे दादा," ती म्हणाली. "दुसऱ्याचा हात धरून आनू का तिला? घरात मी बोललंय. नको म्हनले, मंग गप बसले. गप बसले म्हंजे हो. तू नाव टाक. सगल्यांत वर टाक. नाव वाचलं तं येईल तो. मी जानतंय त्याला."

मी मामाचं नाव टाकलं, ठळक केलं, भोवती दोन फुलंही काढली. तिनं पडद्याला बोट लावून ते वाचलं. ही झाली दुसरी फायनल. नावही तेच दिलं. पण जुनी डावीकडच्या कच्च्यात टाकली आणि ही गेली उजवीकडच्या खिडकीत, म्हणजे काळजीचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या नेहमीप्रमाणे एकमेकींच्या उरावर. मी फोनवर एका नवरदेवाच्या चुलत्याला बॅनरवर त्याचा फोटो आमदारापेक्षा मोठा का येणार नाही, हे समजावत होतो. समजावता समजावता एक खिडकी डावीकडे ढकलली, एक उजवीकडे. कुठली कुठं, हे बघायची गरज काय? उजवीकडे असेल ती पक्की. उजवीकडची 'फायनल' उचलली आणि कल्याणच्या छापखान्याला धाडून दिली.

तीनशे पत्रिका आल्या. बापानं गठ्ठा नेला, पहिली गावदेवीपुढं ठेवली. दुसरी मामाची, असा मान. बायकोनं ती धसईच्या एका नातलगाबरोबर तशीच, न उघडता पाठवून दिली. तिला कशाला उघडायला हवी होती? तिनं तर पडद्यावर बोट लावून वाचलेली.

दोन दिवसांनी ती दुकानात आली. भावानं परत धाडलेली पत्रिका तिनं बाकड्यावर उलगडून ठेवली.

"कुठं हाय नाव?"

मी बघितलं. मामाची ओळच नव्हती. मग मी तज्ज्ञासारखा बोलायला लागलो. खिडक्या जागा विसरतात, माप विसरतात, सेटिंग धरून ठेवत नाही, शहापूरलाही दाखवून आणलंय.

तिनं पत्रिकेची घडी घातली. "झालं तुझं? आता धसईला जाऊन हे त्याला सांग."

मी गेलो. सुधारलेली पत्रिका घरच्या प्रिंटरवर काढून, पाकिटात घालून. मामा अंगणात भेंडीच्या ढिगापुढं बसला होता, बाजाराचे खोके भरत. मी कोण ते सांगितलं, खिडक्यांची कथा पहिल्यापासून सांगितली. त्यानं एकेक भेंडी चाचपत सगळी ऐकली.

"म्हंजे भावजींनी गाळलं नाय."

"पहिल्यांदा गाळलं होतं. मग घातलं. मग मी गाळलं."

"बरं." त्यानं पाकीट हातात घेतलं नाही. "कागूद एकदा असा येतो, एकदा तसा. मना कागूद नको. तिला म्हनावं, तू ये."

परतीच्या वाटेवर मी शंभर कारणं जुळवली, ती कशी येणार नाही याची. तानसाकडे जाऊन निरोप सांगितला, तेव्हा ती चुलीपुढं होती. नवरा दारात बसलेला, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आता अजून काय छापलंस?" तिनं हात धुतले, चपला घातल्या आणि माझ्या मोटारसायकलवर येऊन बसली. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जाऊन येतंय." तो गप बसला. गप बसला म्हणजे काय, ते मला आता ठाऊक होतं.

धसईत शिरल्यावर तिनं माझा खांदा घट्ट धरला.

अंगणात भाऊ तसाच बसलेला. मी कल्पना केली होती, रडारड होईल, मी मान खाली घालून माफी मागेन, मग दोघं मिळून मला शिव्या देतील. तसं काही नाही. ती ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि भेंडी निवडायला लागली. वाकडी, जून, डागाळलेली बाजूला.

"वाकडी चालतात गो," तो म्हणाला.

"चालत असतील. मना नाय चालत." जराशानं ती म्हणाली, "बारीक झालास."

"तू नाय झालीस."

"हळदीला सांजच्याला ये. पोरगी वाट बघंल."

"सकाळीच येतंय. मांडवाला मानसं लागतात."

मी पाकीट हातात धरून उभाच होतो, कुणीतरी बस म्हणेल म्हणून. मामानं वर बघितलं.

"तू रं कनाला उभा? तो खोका धर."

मी पाकीट खिशात घातलं आणि खोका धरला.