बसस्टँडजवळचे अण्णा

कुंभकोणमच्या बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला आम्ही नुसतं अण्णा म्हणतो. श्रीलंकेतल्या यादवीत लढाईच्या हद्दीवरच्या गावातून त्यांना बंदूकवाल्यांनी उचललं आणि दोन वर्षं गुलामासारखं खंदक खणायला लावलं; तिथून सुटल्यावर ते समुद्र ओलांडून इकडे आले. हे ते एकदाच बोलले. एरवी पंक्चर शोधताना ट्यूबशी पुटपुटतात, मधेच गिऱ्हाइकाला "सार, जरा चाक धरता?" असं आर्जवाने विचारतात.

काल वीटभट्टीचा मुकादम पळून आलेल्या मजुराला दंडाला धरून ओढत होता. अण्णा आडवे उभे राहिले.

"सोड त्याला."

"तुझा कोण हा?"

"कोणी नाही. पण तो येणार नाही."

मी शेजारी जाऊन उभा राहिलो, चहावालाही आला. मुकादम निघून गेला. अण्णांनी मजुराला त्याच्या गावच्या बसमध्ये बसवलं आणि बस सुटेपर्यंत दाराशी पहारा दिला.