पाटीवर उरलेली झाडं

अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि अकोल्याला घरी परतले. काही दिवसांतच नगररचना विभागातले एक साहेब भेटायला आले. प्लॉट पाडलेल्या मोठ्या ले-आउटमध्ये हिरवी जागा सोडावी लागते आणि आता त्या जागेत काय उगवतं, काय राहतं याची नोंदही जोडावी लागते. ती नोंद मी करावी, अशी त्यांची विनंती होती. मला केवढा आनंद झाला! आज त्या आनंदाचीच लाज वाटते.

जागा शहराबाहेर, नाल्याच्या काठाला. पूर्वी तिथे कापसाची पऱ्हाटी व्हायची, मग बरीच वर्षं पडीक. महापालिकेनं मदतीला उद्यान विभागातले एक माळी दिले. मूळचे तेल्हाऱ्याकडचे, नोकरीची शेवटची वर्षं चाललेली. मी त्यांना भाऊ म्हणायचे. मला शास्त्रीय नावं ठाऊक होती, त्यांना झाडं ठाऊक होती.

"बाई, हा तरोटा नाही. तरोट्यावानी दिसते फक्त. पान चुरगाळून पाहा," ते म्हणायचे. वास घेतला की कळायचं, कासविंदा आहे.

तिन्ही ऋतू आम्ही ती जागा पालथी घातली. हिवर, बाभूळ, बोर, रुई, गुळवेल. बाभळीवर सुगरणींची घरटी. एकदा मुरमात टिटवीची अंडी दिसली, तर भाऊंनी भोवती चार दगड मांडले, कोणाचा पाय पडू नये म्हणून. मी वही पूर्ण केली, शेवटच्या पानावर सही केली आणि साहेबांकडे दिली. "फार सुंदर काम," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊंचा फोन आला. "बाई, जेसीबी आली. लवकर या."

ऑटोनं पोचेपर्यंत अर्धी जमीन खरवडून झाली होती. हिवर मुळं वर करून पडला होता. ट्रॉलीत भरलेल्या बाभळीच्या फांदीला घरटी तशीच लोंबत होती. डोक्याला रुमाल गुंडाळलेला सुपरवायझर पुढे आला.

"म्याडम, साफसफाई चालू हाय. इथं जैवविविधता उद्यान होऊन राहिलं ना!"

"आणि जी होती ती?"

"ते झुडपं होते. नोंद झाली न त्याची, मंग आता काय?"

तशीच मी साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "नियमात नोंद करा असं आहे, राखा असं नाही."

"मग नोंद कशाला?"

"परवानगीला लागते."

त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं, याचीच मला किळस आली. मी लेखी हरकत घेतली. सुनावणीला बोलावलं, पाच मिनिटं ऐकलं, आणि महिन्याभरानं पत्र आलं: आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे.

उद्घाटनाला मी गेले नाही. दोन दिवसांनी सकाळी एकटीच गेले. फाटकापासून कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडांची रांग, मधे प्लास्टिकचं गवत, त्यावर सिमेंटचे ससे. आणि दाराशी हिरवी पाटी: 'येथील वनसंपदा'. खाली माझ्या वहीतली सगळी यादी, एका नावात माझ्याकडून राहिलेल्या चुकीसकट. तळाशी माझं नाव. जे मारून टाकलं त्याची यादी दाराशी लावली होती, मानानं.

आत भाऊ पाइप धरून कोनोकार्पसला पाणी घालत होते. मी नको ते बोलले. "भाऊ, हात कसा धजतो तुमचा?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. "पोटासाठी घालून राहिलो, बाई. तुमी सही कावून केली होती?"

वहीचा उपयोग कशासाठी होणार, हे मी सही करण्याआधी एकदाही विचारलं नव्हतं. घरी येऊन मान दिला, तेवढ्यावर भुलले होते.

माझं नाव काढा म्हणून मी अर्ज केला. तेवढं मात्र लगेच झालं. नावावर रंगाचा पट्टा ओढला, यादी राहिली.

यानंतर गप्प बसले असते. पण एक दिवस साहेबांचाच फोन आला, अगदी खुशीत. "म्याडम, तुमची यादी फार कामी आली. आणखी तीन ले-आउटना तिचीच झेरॉक्स जोडली."

"तिथे जाऊन कोणी पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात? झाडं सगळीकडं तेच असते."

मी फोन ठेवला आणि त्याच दुपारी अर्ज लिहिला: ही नोंद फक्त त्या एका जागेची आहे, इतरत्र जोडल्यास ती खोटी समजावी. नगररचना विभागाच्या आवक खिडकीवरच्या बाईंनी शिक्का उचलला.

"कशाबद्दल हाय?"

"झाडांबद्दल."

"मंग उद्यान विभागात द्या न," म्हणत त्यांनी कागद परत सरकवला.

"नाही. इथेच घ्या."

मागची रांग कुरकुरायला लागली. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न पाहता, त्यांनी शिक्का मारला.